लाकडी पायाचा कुंभार आणि अर्धवट कप

टीवायबीकॉमला असाल तर हा प्रश्न तुमच्या ओळखीचा असेल. १,००० नग पूर्ण, महिनाअखेरीस ४०० अर्धवट, मटेरियल १०० टक्के, लेबर ५० टक्के. इक्विव्हॅलंट युनिट्स काढा. मटेरियलसाठी १,४०० आणि लेबरसाठी १,२०० हे उत्तर तुम्ही झोपेतही लिहाल. पण हे ४०० अर्धवट नग एखाद्या माणसाच्या कारखान्यात खरोखर फळीवर पडून आहेत, लंडनच्या बँका बुडतायत आणि त्याच्याकडे रोकड नाही, असं कधी डोळ्यांसमोर आणलंय का?

तो माणूस म्हणजे जोसाया वेजवुड. इंग्लंडच्या स्टॅफर्डशरमधल्या बर्स्लेम गावात, कुंभारकाम करणाऱ्या घरात १७३० साली जन्मलेला. नऊ वर्षांचा असताना वडील गेले. त्यानंतर देवीच्या साथीत उजवा गुडघा कायमचा अधू झाला. पायाने चाक फिरवणं जमेना, म्हणून हा गडी माती, रंग आणि झिलईच्या प्रयोगांकडे वळला. पुढे १७६८ मध्ये तो पाय कापावाच लागला आणि लाकडी पाय बसवला. सदोष भांडं दिसलं की तो याच पायाने फोडायचा, अशी एक दंतकथा आहे. खरीखोटी देव जाणे.

त्याची सायीच्या रंगाची भांडी राणी शार्लटला आवडली आणि त्यांचं नावच ‘क्वीन्स वेअर’ पडलं. १७६९ मध्ये त्याने एट्रुरिया नावाचा नवा कारखाना उघडला. इथे एकच कुंभार अख्खा कप करत नसे. माती तयार करणारा वेगळा, चाकावरचा वेगळा, कानाला डौल देणारा वेगळा, मग भट्टी, झिलई, पुन्हा भट्टी, रंगकाम. तुमच्या पुस्तकातलं प्रोसेस १, प्रोसेस २ म्हणजे नेमकं हेच. भट्टीत जायच्या आधीच्या कपात माती पूर्ण गेलेली असते, मजुरी थोडीच. तो विकता येत नाही, पण त्याने पैसा खाल्लेला असतो. इक्विव्हॅलंट युनिट हा शब्द वेजवुडच्या काळात नव्हता. अडचण मात्र होती.

आणि ती १७७२ मध्ये अंगावर आली. त्या जूनमध्ये लंडनचा एक बँकर सट्ट्यात बुडाला, फ्रान्सला पळाला आणि त्याच्यामागे पत्त्यांच्या बंगल्यासारख्या बँका कोसळल्या. उमरावांनी फुलदाण्या घेणं थांबवलं. गोदामात माल साचला. किंमत कमी करायची, पण किती? एक फुलदाणी आपल्याला नक्की केवढ्याला पडते, हे इंग्लंडमधल्या या नावाजलेल्या कुंभारालाच धड ठाऊक नव्हतं!

मग तो वह्या घेऊन बसला. साचे, भाडं, कोळसा, कारकुनांचे पगार, पोरासोरांची मजुरी, एकेक खर्च वेगळा काढला. आणि एक गोष्ट दिसली. आठवड्याला १० डझन फुलदाण्या करा नाहीतर २० डझन, गोदामवाले, हिशेबनीस आणि वरकाम करणारी पोरं यांचा खर्च जवळपास तेवढाच! म्हणजे नग वाढले की प्रत्येक नगाच्या वाट्याला येणारा खर्च उतरतो. आज आपण याला फिक्स्ड कॉस्ट म्हणतो आणि दोन मार्कांची व्याख्या पाठ करतो. त्याला ते दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर कळलं. (माझं अकाउंट्सशी बारावीतच फाटलं होतं. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर कदाचित इतकं फाटलं नसतं.)

वह्या तपासताना आणखी एक बिंग फुटलं. मुख्य कारकूनच अफरातफर करत होता! वेजवुडने हिशेबाला नवा माणूस लावला आणि दर आठवड्याला हिशेब तपासायची शिस्त घातली.

किमतीचा निर्णयही आता अंदाजपंचे राहिला नाही. बड्या लोकांच्या महालांत फुलदाण्या पुरेशा झाल्या होत्या. आता त्या उतरत्या भावात मध्यमवर्गाला, आणि भरपूर विकायच्या, असं त्याने ठरवलं. मंदी ओसरली तेव्हा एट्रुरियाच्या भट्ट्या चालूच होत्या. लवकरच रशियाच्या कॅथरीन राणीसाठी नऊशेहून जास्त नगांचा सेट तिथून गेला. भट्टीचं तापमान मोजायचं साधन शोधल्याबद्दल १७८३ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. १७८७ मध्ये त्याने गुलामगिरीविरोधी पदक काढलं. साखळदंडातला, गुडघ्यावर बसलेला माणूस त्यावर होता.

१७९५ मध्ये वेजवुड गेला. पुढच्याच वर्षी त्याची मुलगी सुझानाचं लग्न डॉक्टर रॉबर्ट डार्विनशी झालं. त्यांचा मुलगा चार्ल्स. होय, उत्क्रांतीवाला! चार्ल्सचं लग्नही वेजवुडच्याच नातीशी झालं. या चार्ल्सला पोटासाठी कधी नोकरी करावी लागली नाही. घरी पैसा होता, आणि त्यातला काही या कपबश्यांचा.