विश्लेषण : गाठ आणि आरशातली गाठ एकच का नाही? मॅक्स डेन यांनी ते कसे सिद्ध केले?

दोरीला साधी गाठ मारा आणि दोन्ही टोके जोडून टाका. हीच गणितातली ‘ट्रेफॉइल’ गाठ. आता तिचे आरशातले प्रतिबिंब पाहा. दोरी न कापता मूळ गाठीचे तसे रूप करता येईल का? प्रयत्न करणाऱ्याला जमत नाही. पण जमत नाही म्हणजे अशक्य आहे, हे कशावरून? १९१४ मध्ये याचे उत्तर दिले मॅक्स डेन या जर्मन गणितज्ञाने.

हिल्बर्ट यांचा विद्यार्थी

डेन यांचा जन्म १८७८ चा, हॅम्बुर्गमधल्या ज्यू कुटुंबातला. गटिंगेनला ते हिल्बर्ट यांच्याकडे शिकले. हिल्बर्ट यांच्या प्रसिद्ध २३ प्रश्नांपैकी सर्वांत आधी सुटलेला तिसरा प्रश्न डेन यांनीच सोडवला. घनाकृतीचे कितीही तुकडे करून पुन्हा जोडले तरी न बदलणारी एक राशी त्यांनी शोधली. जे बदलत नाही ते पकडायचे, ही त्यांची हातोटी.

गाठीचे बीजगणित

गाठीभोवती फिरून मूळ जागी परतणाऱ्या वाटा एकापुढे एक जोडता येतात. त्यातून ‘ग्रुप’ नावाची बीजगणिती रचना तयार होते. अडचण अशी, की गाठ आणि प्रतिबिंब यांचा ग्रुप सारखाच! डेन यांनी मग त्या ग्रुपच्याच सममिती तपासल्या. दोन वाटांवर त्यांचे लक्ष होते : एक दोरीला वेढा घालणारी, दुसरी दोरीलगत जाणारी. गाठ प्रतिबिंबात बदलत असती, तर एकीची दिशा कायम ठेवून दुसरीची उलटवणारी सममिती सापडायला हवी होती. तशी एकही नाही.

देशोधडी

१९३५ मध्ये नाझी राजवटीने फ्रँकफर्टची प्राध्यापकी काढून घेतली. नोव्हेंबर १९३८ च्या ज्यूविरोधी हिंसाचारात अटक झाली. तुरुंगात जागा नाही म्हणून सुटका. मग डेन्मार्क, तिथून नॉर्वे. तिथेही १९४० मध्ये जर्मन फौजा पोहोचल्या. साठी ओलांडलेले डेन पत्नीसह सैबेरियातून रेल्वेने, पुढे जपानमार्गे अमेरिकेत गेले. इतक्या मोठ्या गणितज्ञाला साजेशी जागा मात्र मिळाली नाही. १९४५ पासून नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक माउंटन या कलाप्रधान, छोट्या कॉलेजात ते महिना ४० डॉलरवर शिकवू लागले. गणिताबरोबर ग्रीक, लॅटिन आणि तत्त्वज्ञानही. विद्यार्थ्यांना घेऊन डोंगरात भटकणे तर नेहमीचेच. १९५२ मध्ये त्यांचे निधन झाले. कॉलेजच्या आवारातल्या रानातच त्यांना दफन केले आहे.