संसारातला योगी

सुटीत सुरतेला मामांकडे गेलो होतो. सकाळी बागेत काही मंडळी चीनची 'ताई ची' करीत होती. पाण्यातून फिरवावेत तसे हात सावकाश फिरत, श्वास त्यांच्या जोडीने. मला हसू आले. मामांनी मात्र सुरतेजवळच्या देगाम गावचे मणिभाई देसाई, म्हणजेच श्रीयोगेंद्र, यांची गोष्ट सांगितली.

त्यांचा जन्म १८९७चा. आई लहानपणीच गेली, वडील शिक्षक. मुलाला नाद कुस्तीचा! वडिलांनी त्याला मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजात पाठविले. तेथे १९१६मध्ये परमहंस माधवदासजी भेटले आणि स्वारीने कॉलेज सोडून नर्मदाकाठचे मालसर गाठले. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मला येथे त्या वडिलांचीच आठवण अधिक होते. लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंदही याच गुरूंचे शिष्य.

पण मणिभाईंनी भगवी वस्त्रे घेतली नाहीत. ते परत आले, २५ डिसेंबर १९१८ रोजी वर्सोव्याला योग संस्था काढली, पुढे अमेरिकेतही जाऊन शिकविले. १९२७मध्ये चक्क लग्न केले! योग गुहेतल्या साधूंपुरता नाही, प्रपंची माणसाचाही आहे, हे त्यांनी स्वतः संसार करून दाखविले. पत्नी सीतादेवींनी स्त्रियांसाठी आसनांचे पुस्तक लिहिले. नवशिक्यांसाठी त्यांनी आसने सोपी केली. ताडासनात श्वास घेत हात व टाचा हळूहळू उचलायच्या, सोडत खाली आणायच्या. १९८९ साली ते वारले.

दुसऱ्या दिवशी मामांच्या गच्चीवर मी ताडासन केले. तिसऱ्याच श्वासाला तोल गेला.