जांभळ्या गोगलगायीला नाव देणारा : कार्ल लिनियस



पावसाळा लागला की आपल्या गोरेगावात बांधावर, शाळेच्या भिंतीवर गोगलगायी दिसतात. यांचीच एक दूरची बहीण भर समुद्रात राहते. तिचा शंख जांभळा असतो. ती आपल्या चिकट स्रावात हवा भरून बुडबुड्यांचा तराफा बनवते आणि त्याला उलटी लटकून तरंगत राहते. तिला पोहता येत नाही. तराफा सुटला की ती बुडालीच! तिचं शास्त्रीय नाव जँथिना जँथिना. त्यातलं 'जांभळी' या अर्थाचं नाव तिला १७५८ साली कार्ल लिनियस यांनी दिलं.

लिनियस यांचा जन्म २३ मे १७०७ रोजी स्वीडनमधल्या एका खेड्यात झाला. वडील पाद्री, पण बागेचे भारी वेडे. तेच वेड पोराला लागलं. मुलानंही पाद्री व्हावं, अशी घरच्यांची इच्छा होती. पण त्या अभ्यासात कार्लचं मन काही रमेना. १७२६ मध्ये वडील शाळेत चौकशीला गेले, तर शिक्षकांनी सांगितलं की याला शिकवण्यात अर्थ नाही, शिवणकामाला नाहीतर जोडे बनवायला लावा.

त्याच शाळेत शिकवणारे डॉक्टर रोथमन यांना मात्र या मुलाची नजर कळली होती. त्यांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं आणि वनस्पतिशास्त्र शिकवलं. पुढे हाच मुलगा उप्साला विद्यापीठात प्राध्यापक झाला. प्रत्येक सजीवाला दोन शब्दांचं नाव देण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. आपल्या हिंगोलीच्या हळदीचं 'कुरकुमा लोंगा' हे नावही त्यांनीच १७५३ मध्ये दिलेलं आहे.

त्यांच्याही चुका झाल्या. ही समुद्री गोगलगाय त्यांनी जमिनीवरच्या गोगलगायींच्या गटात टाकली होती. नंतरच्या अभ्यासकांनी तिचा गट बदलला, पण 'जांभळी' हे नाव टिकलं. १० जानेवारी १७७८ रोजी लिनियस यांचं निधन झालं.

आता आपल्या वर्गाकडे बघा. पाढे चुकणारा, पण हळदीच्या रानातलं प्रत्येक तण ओळखणारा एखादा पोरगा तुमच्याकडेही असेल. प्रगतिपुस्तकात त्याच्याबद्दल शेरा लिहिण्याआधी एकदा त्याच्यासोबत बांधावर फिरून या. रोथमन सरांनी एवढंच केलं होतं : मूल कशात रमतं ते आधी पाहिलं.