मानवसेवेचे मूक व्रत : डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव

दरवर्षी ११ फेब्रुवारी रोजी, लुर्द मातेच्या सणाच्या दिवशी, ख्रिस्तसभा जागतिक रुग्णदिन पाळते. त्या दिवशी आपण आपापल्या धर्मग्रामांत आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो आणि डॉक्टर, परिचारिका व सेवाभावी भगिनींचे ऋण मानतो. परंतु रुग्णाच्या उशाशी असलेली औषधाची गोळी ज्यांनी वर्षानुवर्षे प्रयोगशाळेत खपून घडवली, त्यांची आठवण आपल्याला सहसा होत नाही. गरोदर मातेला आरोग्य केंद्रात मिळणारे फॉलिक ॲसिड, हत्तीरोग निर्मूलनाच्या मोहिमेत घरोघर वाटली जाणारी डीईसीची गोळी आणि रक्ताच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या बालकाला दिले जाणारे मेथोट्रेक्सेट ही तीन औषधे आपल्या परिचयाची आहेत. त्या तिन्हींमागे एकाच भारतीय शास्त्रज्ञाचे मार्गदर्शन उभे आहे, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांचे नाव डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव.

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमावरम येथे एका गरीब कुटुंबात झाला. शाळेत त्यांचे मन रमेना. मॅट्रिकच्या परीक्षेत ते दोनदा अनुत्तीर्ण झाले आणि मद्रासला जाऊन तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. तरुणपणी त्यांना वैराग्याची ओढ होती. रामकृष्ण मिशनमध्ये दाखल होऊन संन्यास घ्यावा, असे त्यांना मनापासून वाटे. आईने त्यास संमती दिली नाही. तेव्हा त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. संन्याशाची वस्त्रे त्यांना लाभली नाहीत. परंतु त्यांचे पुढील आयुष्य पाहिले की त्यांची वृत्ती अखेरपर्यंत संन्याशाचीच राहिली, असे आम्हांस वाटते.

वैद्यकीय शिक्षण घेत असताना गांधीजींच्या हाकेला प्रतिसाद देऊन ते खादी वापरू लागले. शस्त्रक्रियेच्या वर्गातही त्यांनी खादीचाच अंगरखा चढवला. इंग्रज प्राध्यापकांना हे रुचले नाही. लेखी परीक्षेत चांगले यश मिळूनही त्यांना एम.बी.बी.एस. ऐवजी एल.एम.एस. ही कनिष्ठ पदवी देण्यात आली. याच सुमारास त्यांच्या घरावर मोठा आघात झाला. त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने संग्रहणीने दगावले. त्या काळी या व्याधीवर खात्रीचा इलाज नव्हता. स्वतः सुब्बारावांनाही तिने ग्रासले होते. ते कसेबसे बचावले. पुढे मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शिकवीत असताना आधुनिक संशोधनाची विद्या आत्मसात करण्याचा ध्यास त्यांनी घेतला. सासऱ्यांच्या व एका धर्मादाय निधीच्या मदतीने ते अमेरिकेस निघाले आणि ऑक्टोबर १९२२ मध्ये बोस्टनला पोहोचले.

परदेशातील आरंभीचे दिवस हालाखीचे होते. दिवसा हार्वर्ड विद्यापीठात शिक्षण आणि रात्री इस्पितळात हमालाचे काम, असा त्यांचा क्रम होता. रुग्णांची मलमूत्राची भांडी स्वच्छ करण्याचे कामही त्यांनी कमी लेखले नाही. पुढे प्राध्यापक सायरस फिस्के यांच्या हाताखाली त्यांनी रक्त व मूत्रातील फॉस्फरसचे प्रमाण मोजण्याची एक सोपी पद्धत विकसित केली. १९२५ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत आजही दोघांच्या नावाने ओळखली जाते. तिच्याच साहाय्याने त्यांना स्नायूंत फॉस्फोक्रिएटिन हा पदार्थ सापडला. १९२९ साली त्यांनी स्नायूंतून एटीपी वेगळे केले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही हाच शोध लावला. आपण पाऊल उचलतो, श्वास घेतो, हात जोडतो, त्या प्रत्येक हालचालीला लागणारी ऊर्जा ज्या रेणूंतून मिळते ते हे रेणू. आज ते शाळेच्या पुस्तकात शिकवले जातात. एवढे कार्य होऊनही हार्वर्डमध्ये सुब्बारावांना कायमची जागा मिळाली नाही.

१९४० साली ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ली प्रयोगशाळेत गेले आणि तेथील संशोधनाची धुरा त्यांच्याकडे आली. येथूनच त्यांच्या जीवनाचे सर्वात फलदायी पर्व सुरू झाले.

या कार्याचा एक धागा आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. १९२८ पासून लुसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत गिरणी कामगार स्त्रियांमध्ये गरोदरपणी आढळणाऱ्या घातक रक्तक्षयाचा अभ्यास करीत होत्या. यीस्टच्या अर्काने या माता बऱ्या होतात, असे त्यांनी १९३१ साली जगाला दाखवून दिले. परंतु त्या अर्कातील नेमका कोणता घटक गुणकारी आहे, हे कोडेच होते. तो घटक म्हणजे फॉलिक ॲसिड. सुब्बारावांच्या मार्गदर्शनाखालील चमूने १९४५ साली ते प्रयोगशाळेत तयार करून दाखवले. रक्तक्षयाप्रमाणेच संग्रहणीवरही ते उपयोगी ठरले. ज्या व्याधीने त्यांचे दोन भाऊ हिरावले होते, तिच्यावरील औषध त्यांच्याच प्रयोगशाळेतून बाहेर पडले.

पुढचे पाऊल याहूनही धाडसाचे होते. कर्करोगाच्या पेशींना झपाट्याने वाढण्यासाठी फॉलिक ॲसिडची गरज असते. त्याच्यासारखाच दिसणारा, परंतु त्याचे काम न करणारा पदार्थ दिला तर या पेशी फसतील आणि त्यांची वाढ खुंटेल, अशी ही कल्पना होती. लेडर्लीत बनवलेले अमिनोप्टेरिन हे असे औषध बोस्टनच्या बालरोगतज्ज्ञ विकृतिशास्त्रज्ञ डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने अत्यवस्थ असलेल्या १६ बालकांना दिले. त्यांपैकी १० जणांना उतार पडला. जून १९४८ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तो उतार तात्पुरता होता. परंतु ज्या आजारापुढे आईबापांनी केवळ अश्रू ढाळायचे, तो औषधाने मागे हटू शकतो, हे प्रथमच सिद्ध झाले. याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही कर्करोगावर व संधिवातावर वापरले जाते.

१९४७ साली त्यांच्या प्रयोगशाळेतून हेट्राझान हे हत्तीरोगावरील औषध पुढे आले. आपण ज्याला डीईसी म्हणतो ते हेच. त्याच काळात त्यांनी बेंजामिन डग्गर या वनस्पतिशास्त्रज्ञांना मातीतील सूक्ष्म जीवांचा शोध घेण्यासाठी पाठबळ दिले. डग्गर विद्यापीठातून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ होते. ज्या वयात जग माणसाला खुर्चीत बसवून ठेवते, त्या वयात त्यांना प्रयोगशाळा मिळाली. त्यांनी मिसुरीच्या मातीतील एका जीवापासून ऑरिओमायसिन शोधले. टेट्रासायक्लिन कुळातील हे पहिले प्रतिजैविक १९४८ साली जगापुढे आले. १९९४ साली सुरतेत प्लेगने थैमान घातले, तेव्हा याच कुळातील औषधांनी लोकांना आधार दिला.

या सर्व शोधांत सुब्बारावांचे नाव शोधू लागलो तर ते क्वचितच अग्रभागी दिसते. ऑरिओमायसिन डग्गर यांच्या नावावर आहे, बालकांवरील उपचार फार्बर यांच्या. फॉलिक ॲसिडच्या शोधनिबंधावर सोळा नावे आहेत आणि त्यांत सुब्बारावांचे नाव मध्येच कुठेतरी आहे. रसायनशास्त्रज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, डॉक्टर अशा निरनिराळ्या विद्यांच्या माणसांना त्यांनी एका ध्येयाभोवती गुंफले आणि श्रेयाची वेळ आली तेव्हा ते स्वतः बाजूला राहिले. योहान बाप्तिस्त्याने आपल्यामागून येणाऱ्याकडे बोट दाखवले व आपण मागे सरला; खऱ्या गुरूची खूण हीच होय.

मात्र या जीवनाची दुसरी बाजू आपण झाकून ठेवू नये. भारत सोडल्यानंतर सुब्बाराव परत कधीच आले नाहीत. त्यांच्या पत्नी शेषगिरी यांना पतीचे पुन्हा दर्शन झाले नाही. ते दूर देशी असतानाच त्यांचा तान्हा मुलगा निवर्तला. त्याला त्यांनी कधी उचलूनही घेतले नव्हते. ज्यांनी हजारो घरांतील लेकरे वाचवण्याची वाट खुली केली, त्यांच्या स्वतःच्या घराचा पाळणा रिकामाच राहिला. या त्यागाचा मोठा वाटा शेषगिरी यांनी मुकाट्याने उचलला. सुब्बारावांचा गौरव करताना या माउलीचे स्मरण न करणे अन्यायाचे होईल.

ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. पाव शतकाहून अधिक काळ अमेरिकेत काढूनही त्यांनी तेथील नागरिकत्व घेतले नाही. पुढे बुरशीच्या एका प्रजातीला शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव दिले आणि १९९५ साली, जन्मशताब्दीनिमित्त, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

सुब्बाराव ख्रिस्ती नव्हते. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मांतील जे सत्य व पवित्र आहे त्याचा आदर करण्यास आपल्याला शिकवले आहे. जखमी वाटसरूच्या जखमा बांधणारा शोमरोनीही परक्या समाजाचाच होता, हे आपण विसरू नये. उजव्या हाताने केलेले दान डाव्या हाताला कळू न देण्याची शुभवर्तमानाची शिकवण या विद्वानाने नकळत आचरणात आणली.

आज आपल्या धर्मग्रामांतील अनेक मुले-मुली औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण घेत आहेत. काही संशोधनाच्या क्षेत्रातही उतरली आहेत. परीक्षेतील अपयशाने खचू नये, हलके समजले जाणारे काम करण्यास लाजू नये आणि आपल्या हाताखालच्या माणसाला मोठे होऊ द्यावे, हे तीन धडे सुब्बारावांच्या चरित्रातून त्यांना घेता येतील. संशोधनासाठी घर सोडणाऱ्यांनी घरच्यांचेही ऋण ध्यानी ठेवावे, हा चौथा.

येत्या रुग्णदिनी आपण आजाऱ्यांसाठी प्रार्थना करू, तेव्हा प्रयोगशाळेच्या दिव्याखाली अबोलपणे झटणाऱ्या संशोधकांनाही त्या प्रार्थनेत स्थान देऊ या. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नसतील. परमेश्वराला ती ठाऊक आहेत.