नावे वाचणारा संग्राहक : डॉ. भाऊ दाजी लाड

मुंबईत पुस्तके जमविणाऱ्यांचे अनेक प्रकार आहेत. कोणी पहिल्या आवृत्त्या शोधतो, कोणी जुने नकाशे. समाजजीवन टिपणाऱ्या छायाचित्रकारांची पुस्तके, आणि तीही त्यांच्या स्वाक्षरीसह, मिळविणारे शौकीनही आहेत. ज्या घरात पाठ्यपुस्तकांखेरीज पुस्तकच नव्हते, त्या घरातून कॉलेजात आलेल्या माझ्यासारखीला हा छंद परवडणारा नाही. परंतु एका सहीसाठी माणसे एवढी धडपड का करतात, हा प्रश्न मात्र मनात घर करून राहिला. सही म्हणजे चित्र कोणाच्या हातचे आहे याची ग्वाही. वस्तूबरोबर तिचे नावही जपले गेले, तरच संग्रहाला अर्थ येतो. या दृष्टीने मुंबईच्या एका थोर संग्राहकाचे चरित्र पाहण्यासारखे आहे. ते संग्राहक म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड.

भाऊंचा जन्म १८२२ च्या सुमारास गोव्यात मांद्रे येथे झाला. मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. लहानपणी ते बुद्धिबळात तरबेज होते. त्यांचे चातुर्य पाहून एका इंग्रज गृहस्थाने या मुलाला इंग्रजी शिक्षण देण्याविषयी वडिलांना सुचविले, असे सांगतात. मुंबईस आल्यावर ते एल्फिन्स्टन संस्थेत शिकले व तेथेच शिक्षक झाले. कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येवर त्यांनी लिहिलेल्या निबंधास पारितोषिक मिळाले. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेव्हा नोकरी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले. १८५१ साली या कॉलेजची पहिली तुकडी बाहेर पडली, तीत भाऊ होते. वैद्यकीचा जम बसल्यावर भाऊ व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी गोरगरिबांना मोफत औषधे दिली. कुष्ठरोगावर कडू कवठाच्या तेलाचे प्रयोग भाऊंनी केले. १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते कार्यवाह होते. मुलींच्या शाळा चालविणाऱ्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीचे ते पहिले भारतीय अध्यक्ष झाले. १८६९ व १८७१ अशी दोनदा मुंबईची शेरीफकी त्यांच्याकडे आली.

एवढे कार्य एखाद्या माणसाचे नाव होण्यास पुरेसे होते. पण भाऊंचा खरा ओढा जुन्या वस्तू व जुने ज्ञान यांकडे होता, आणि नव्या विद्येचेही त्यांना वावडे नव्हते. १८५४ साली मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या आरंभीच्या मोजक्या भारतीय सभासदांत भाऊ होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. नारायण दाजी तर स्वतः उत्तम छायाचित्रकार. १८५७ च्या प्रदर्शनात त्यांची छायाचित्रे होती आणि सोसायटीच्या कार्यकारिणीवरही ते होते. डॉक्टरी सांभाळून रसायनांच्या बाटल्या हाताळणारे हे दोघे भाऊ डोळ्यांसमोर आणले की, त्या काळच्या मुंबईतील नव्या विद्येच्या उत्साहाची कल्पना येते.

त्या वेळी छापखान्यात छायाचित्र छापण्याची सोय नव्हती. प्रत्येक चित्राची प्रत कागदावर वेगळी काढावी लागे आणि ती पुस्तकाच्या पानावर हाताने चिकटवावी लागे. विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात मुंबईतून असा एक आल्बम मालिकेने काढला. पुढे जॉन्सनने मुंबईतील जातीजमातींचे दोन खंड १८६३ व १८६६ साली लंडनहून प्रसिद्ध केले. स्टुडिओत काढलेल्या माणसांची चित्रे कापून त्यांना निराळ्याच दृश्यांची पार्श्वभूमी जोडण्याची युक्ती त्यांत वापरली होती. आज हे खंड फार मोलाचे समजले जातात. छायाचित्रे घेणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर आहे. चित्रातल्या बहुतेक माणसांना मात्र नाव नाही. भाटिया, मेमण, नागर ब्राह्मण, एवढीच त्यांची ओळख.

हे वाचताना मला आमच्या लालबागच्या खोलीतील एक फोटो आठवला. माझे आजोबा गिरणीत साचेवाले होते. त्यांच्या खात्यातील कामगारांचा तो फोटो. तीन रांगांत चाळीसएक माणसे उभी-बसलेली आहेत. पुठ्ठ्यावर खाली खात्याचे नाव छापलेले आहे, पण माणसांची नावे कोठेच नाहीत. आजोबा कोणते, हे आजीला ठाऊक होते म्हणून आम्हांला ठाऊक. १९८२ च्या संपानंतर ती माणसे पांगली. उरलेल्या एकोणचाळीस चेहऱ्यांना आता कोण ओळखणार? म्हणून भाऊंच्या संग्रहाकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागले.

भाऊंनी हस्तलिखिते, नाणी, ताम्रपट जमविले. पण त्यांचे सर्वांत मोठे धन म्हणजे शिलालेखांच्या नकला. शिलालेख हीसुद्धा एक प्रकारची स्वाक्षरीच नव्हे काय? अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेख वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचे नाव सांगतो. सव्विसाव्या लेण्यात बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचे दान नोंदलेले आहे. कार्ल्याच्या लेण्यावर तर दार घडविणाऱ्या सामी नावाच्या सुताराचे, बापाच्या नावासकट, नाव कोरलेले आहे. १८६३ साली भाऊंनी अजिंठ्याच्या लेखांवरील आपला निबंध एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे मांडला. गिरनारच्या रुद्रदामनच्या लेखाचे वाचन व कालिदासाचा काळ हेही त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. अजिंठ्याची रंगीत चित्रे पाहून पुष्कळांनी माना डोलाविल्या होत्या. भाऊ मात्र ज्यांनी ती लेणी करविली, त्यांची नावे वाचीत बसले. ती चित्रे काढणाऱ्या हातांची नावे मात्र दगडावर नव्हती, आणि ती भाऊंनाही मिळाली नाहीत.

या कामात त्यांना एक अनमोल सहकारी लाभला. जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी १८६१ साली मुंबईस आले. भाऊंच्या सांगण्यावरून रानोमाळ हिंडून, लेण्यांच्या भिंतींशी उभे राहून त्यांनी लेखांच्या नकला आणल्या. निबंध मात्र भाऊंच्या नावाने प्रसिद्ध होत. त्या काळची हीच रीत होती आणि भगवानलालांना घडविण्यात भाऊंचा वाटा मोठा होता, हे खरे. तरीही नावे शोधणाऱ्या या महापुरुषाच्या चरित्रात, दगडाशी उभ्या राहिलेल्या माणसाचे नाव दुसऱ्या ओळीत राहते, ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही. भगवानलालांचे स्वतःच्या नावाचे लेखन मुख्यतः भाऊंच्या मृत्यूनंतर पुढे आले आणि १८८२ साली सोपाऱ्याच्या स्तूपाच्या उत्खननाने त्यांची कीर्ती पसरली.

भाऊंची अखेरची वर्षे सुखाची नव्हती. अमेरिकन यादवीमुळे कापसाचा भाव चढला आणि मुंबईस शेअर सट्ट्याचे वेड लागले. १८६५ साली तो डोलारा कोसळला, त्यात भाऊंचीही मोठी हानी झाली. तरी अभ्यास थांबला नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमसाठी त्यांनी जगन्नाथ शंकरशेट व डॉ. जॉर्ज बर्डवूड यांच्यासमवेत खटपट केली होती. १८६२ साली पायाभरणी झालेली ती वास्तू १८७२ साली लोकांसाठी खुली झाली. दोनच वर्षांनी, ३१ मे १८७४ रोजी, भाऊ निवर्तले. त्या वेळी भगवानलाल त्यांच्याच कामगिरीवर नेपाळात होते. भाऊंची हस्तलिखिते पुढे एशियाटिक सोसायटीकडे गेली. तेथे ती आजही त्यांच्या नावाचा संग्रह म्हणून ओळखली जातात.

म्युझियमला मात्र राणीचे व तिच्या पतीचे नाव शतकभर राहिले. १९७५ साली, म्हणजे भाऊंच्या मृत्यूनंतर १०१ वर्षांनी, त्या वास्तूस डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे नाव मिळाले. माटुंग्यात त्यांच्या नावाचा रस्ताही आहे. त्यावरून रोज जाणाऱ्या आपल्या कॉलेजबंधूंपैकी कितीजणांना हे भाऊ दाजी कोण ते सांगता येईल?

लालबागहून राणीची बाग चालत जाण्याइतकी जवळ आहे. परंतु भाऊंचे स्मरण करण्यास तेवढेही चालण्याची गरज नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी गिरणीतले, गावाकडच्या लग्नातले, शाळेतले जुने फोटो पेटीत पडून आहेत. ज्यांना त्यातली माणसे ओळखता येतात, ते अजून हयात आहेत. या सुट्टीत त्यांच्याजवळ बसावे आणि फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नावे लिहून घ्यावीत. आमच्या फोटोवर मी चार नावे लिहिली आहेत. शेजारच्या चाळीतील एका आजोबांना आणखी काही आठवतील, असे आई म्हणते.