आर्थर कॉनन डॉयल

सर आर्थर इग्नेशियस कॉनन डॉयल (२२ मे, १८५९:एडिनबरा, स्कॉटलंड - ७ जुलै, १९३०:क्रोबरो, इंग्लंड) हे शेरलॉक होम्स या काल्पनिक गुप्तहेराचे जनक, ब्रिटिश लेखक व वैद्यक होते. होम्सच्या कथा भालबा केळकर यांनी मराठीत आणल्या. आल्प्स पर्वतात स्कीवरून गिरिभ्रमण करणाऱ्या आरंभीच्या हौशी मंडळींतही डॉयल यांची गणना होते.

दावोसमधील वास्तव्य

एडिनबरा विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर डॉयल यांनी १८८५ मध्ये लुईझा हॉकिन्स यांच्याशी विवाह केला. १८९३ मध्ये लुईझा यांना क्षयरोग झाल्याचे निदान झाले. त्या थोडेच महिने जगतील, असे तज्ज्ञांचे मत होते. त्याच वर्षी डॉयल यांचे वडीलही निवर्तले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. उंचावरील कोरडी, थंड हवा हाच उपाय मानला जाई. म्हणून हे कुटुंब स्वित्झर्लंडमधील दावोस येथे, त्याच नावाच्या सरोवराकाठच्या खोऱ्यात राहावयास गेले.

स्कीवरून गिरिभ्रमण

स्की म्हणजे पायांना बांधायच्या, टोकाशी वर वळलेल्या लांब लाकडी फळ्या. डॉयल यांनी त्या नॉर्वेहून मागवल्या. डोंगर चढण्यास तेव्हा कोणतीही यांत्रिक सोय नव्हती. स्वबळावर चढायचे आणि घसरत उतरायचे. टोबियास व योहान ब्रांगर या स्थानिक बंधूंसह त्यांनी २,५९० मीटर उंचीचे याकोब्सहॉर्न शिखर गाठले, तेव्हा गावात निशाण लववून त्यांचा गौरव करण्यात आला.

२३ मार्च, १८९४ रोजी पहाटे निघून तिघांनी सुमारे २,४४० मीटर उंचीची माइएनफेल्डर फुर्गा खिंड ओलांडली व ते आरोसा येथे पोहोचले. शेवटच्या तीव्र उतारावर स्की एकत्र बांधून त्यांवर बसून उतरण्याचा बेत होता. पण डॉयल यांच्या स्की निसटल्या आणि त्यांना विजारीवरच घसरत खाली यावे लागले. या सफरीवरील त्यांचा लेख डिसेंबर १८९४ मध्ये 'स्ट्रँड' मासिकात प्रसिद्ध झाला. स्कीसाठी पुढे शेकडो इंग्रज स्वित्झर्लंडला येतील, हे त्यातील भाकीत खरे ठरले. स्वित्झर्लंडमध्ये स्की त्यांनीच प्रथम आणली, हा समज मात्र चुकीचा आहे. ब्रांगर बंधूंनी हीच खिंड आदल्या वर्षी ओलांडली होती.

उत्तरायुष्य

१९०२ मध्ये डॉयल यांना 'सर' हा किताब मिळाला. लुईझा निदानानंतर सुमारे तेरा वर्षे जगल्या. ४ जुलै, १९०६ रोजी त्यांचे निधन झाले.