कॉलेजांचे एम.ए.चे वर्ग विद्यापीठात आणणारे न्यायमूर्ती : सर आशुतोष मुखर्जी

बी.ए. तालुक्याच्या गावी करायचं आणि एम.ए.साठी विद्यापीठाच्या विभागात जायचं, हा रस्ता आता पोरापोरींच्या अंगवळणी पडलाय. पण कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही १८५७ सालची तीन विद्यापीठं सुरुवातीला शिकवतच नव्हती. कॉलेजांना मान्यता द्यायची, परीक्षा घ्यायची, पदवीचा कागद द्यायचा, झालं काम. हे चित्र कलकत्त्यात ज्या माणसानं बदललं, ते सर आशुतोष मुखर्जी. बंगालचा वाघ म्हणून लोक त्यांना ओळखत.

जन्म २९ जून १८६४, कलकत्त्यात. वडील गंगाप्रसाद डॉक्टर. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेल्या आशुतोषांनी १८८५ मध्ये गणितात एम.ए. केलं आणि लगेच पुढच्या वर्षी भौतिकशास्त्रात. त्यांना मिळालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती ही मुंबईच्या व्यापाऱ्याची देणगी. मुंबईतला राजाबाई टॉवर ज्यांच्या पैशांतून उभा राहिला, तेच हे प्रेमचंद शेठ. गणितातच आयुष्य घालवायची आशुतोषांची इच्छा होती, पण पोटापाण्यासाठी ते वकिलीकडे वळले आणि १९०४ साली कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

त्याच वर्षी लॉर्ड कर्झननं विद्यापीठ कायदा आणला. सरकारचा फास आवळला जाणार म्हणून देशभर त्याला विरोध झाला, आणि ती भीती खोटी नव्हती. मात्र विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची, प्राध्यापक नेमण्याची मुभाही त्याच कायद्यात होती. १९०६ साली कुलगुरू झालेल्या आशुतोषांनी नेमकं तेवढंच कलम धरलं. कुलगुरूपद बिनपगारी. दिवसा कोर्ट, उरलेल्या वेळात विद्यापीठ. १९०९ मध्ये विद्यापीठाचं स्वतःचं लॉ कॉलेज निघालं.

विज्ञानासाठी पैसा हवा होता आणि सरकार हात आखडता घेत होतं. तो तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांनी लाखांनी दिला. अट एक, या पैशांतल्या प्राध्यापकाच्या जागांवर भारतीयच नेमायचे. २७ मार्च १९१४ रोजी सायन्स कॉलेजची पायाभरणी झाली. पालित प्राध्यापक म्हणून आशुतोषांनी निवडले सी. व्ही. रामन, तेव्हा सरकारच्या हिशेब खात्यात चांगल्या पगारावर असलेले. त्या जागेसाठी परदेशी शिक्षण हवं होतं, ते रामन यांच्याकडे नव्हतं. आशुतोषांनी ती अडचण दूर केली आणि रामन पगाराचं नुकसान सोसून १९१७ मध्ये रुजू झाले.

खरा वाद पेटला तो कॉलेजांवरून. एम.ए.चे वर्ग तोवर शहरातल्या कॉलेजांत विखुरलेले होते. इथे थोडी पोरं, तिथे थोडी. चांगला प्राध्यापक एका कॉलेजात, तर ग्रंथ दुसऱ्याच. शिवाय विद्यापीठानंही स्वतःचे व्याख्याते नेमलेले, म्हणजे एकच विषय दोन-तीन ठिकाणी वेगवेगळा शिकवला जाई. १९१६ मध्ये आशुतोषांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९१७ साली नवे नियम आले. कलकत्ता शहरातलं पदव्युत्तर शिक्षण यापुढे विद्यापीठाच्या नावानं चालणार. त्यासाठी कला आणि विज्ञान अशा दोन परिषदा झाल्या, आणि शिकवणारेच त्यांचे सदस्य. अभ्यासक्रम आणि परीक्षा शिक्षकांच्या हाती आली, ही मोठीच गोष्ट.

कॉलेजांना हे झोंबलं. एम.ए.चा वर्ग म्हणजे कॉलेजची शान, ती गेली की उरतं काय? यावर तोड म्हणून कॉलेजच्या नावाजलेल्या शिक्षकांनाच विद्यापीठात शिकवायला बोलावलं गेलं. नोकरी कॉलेजात, एम.ए.चा तास विद्यापीठात.

मग विभाग उघडत गेले. प्राचीन भारतीय इतिहास व संस्कृतीसाठी प्राध्यापक आणला तो आपल्याकडचा. मूळ मालवणच्या डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे चिरंजीव, पुरातत्त्व खात्यातले देवदत्त भांडारकर १९१७ मध्ये कारमायकेल प्राध्यापक झाले आणि जवळपास वीस वर्षं तिथं राहिले. १९१९ मध्ये देशी भाषांत एम.ए. सुरू झालं. विद्यार्थ्याला मुख्य भाषेबरोबर दुसरी एक भारतीय भाषाही शिकावी लागे. इंग्रजांच्या राज्यात घरच्या भाषेत एम.ए., ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

टीकाही झाली आणि ती सगळी मत्सरातून नव्हती. इतिहासकार जदुनाथ सरकार उघडपणे विरोधात होते. विभाग भराभर निघाले, परीक्षा सैल झाल्या, खर्च आवाक्याबाहेर गेला, सगळी सूत्रं एकाच माणसाच्या हाती गेली, असे आक्षेप होते. शेवटच्या आक्षेपात तथ्य होतंच. १९१४ नंतर कुलगुरू दुसरे असले तरी पदव्युत्तर परिषदांचे अध्यक्ष आशुतोषच होते आणि त्यांच्या शब्दाबाहेर फारसं काही होत नसे.

पैशांची गाठ १९२२ मध्ये पडली. आशुतोष १९२१ पासून पुन्हा कुलगुरू होते आणि तिजोरीत खडखडाट होता. बंगाल सरकारनं अडीच लाख देऊ केले, पण हिशेबावर आणि कारभारावर नियंत्रणाच्या अटी घालून. अडचणीतल्या संस्थेनं सही करून टाकली असती. आशुतोषांनी सिनेटमध्ये ते पैसे नाकारले. पुढच्या वर्षी गव्हर्नर लॉर्ड लिटननं पुन्हा कुलगुरूपद देऊ केलं, सरकारला विरोध न करण्याच्या अटीवर. तेही त्यांनी ठोकरलं आणि ते पत्रोत्तर वर्तमानपत्रांतून गाजलं.

घरातही हा माणूस असाच. लहानपणीच विधवा झालेल्या मुलीचं १९०८ मध्ये त्यांनी पुन्हा लग्न लावलं आणि जातभाईंचा रोष पत्करला.

न्यायमूर्तिपदावरून निवृत्त झाल्यावर एका खटल्यासाठी ते पाटण्याला गेले होते. तिथंच २५ मे १९२४ रोजी, साठी पूर्ण व्हायच्या आधीच, त्यांचं निधन झालं. पार्थिव कलकत्त्याला आणलं तेव्हा रस्ते माणसांनी भरून गेले होते. विभाग चालू राहिले. १९३० साली रामन यांना नोबेल मिळालं, तेव्हा ते पालित प्राध्यापकच होते. १९३४ मध्ये कुलगुरूच्या खुर्चीवर आशुतोषांचे चिरंजीव श्यामाप्रसाद बसले. तेव्हा त्यांचं वय होतं ३३.